देवदूत पैसे देत नाही

फ्रँक काप्राच्या १९४६ सालच्या 'इट्स अ वंडरफुल लाइफ' या चित्रपटावर नेहमीचा आक्षेप असा, की कर्जाने खचलेल्या माणसाला त्यात केवळ गोड दिलासा मिळतो. देवदूत येतो, तू नसतास तर गावाचं काय झालं असतं ते दाखवतो आणि सगळं निभावतं. खर्डा-जामखेडच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यात, जिथे मुकादमाची उचल फेडायला कुटुंबं ऊसतोडीला जातात, तिथे असा दिलासा काय कामाचा? प्रश्न रास्त आहे. धीराच्या शब्दांनी कर्ज फिटत नाही. पण चित्रपट तसं म्हणतच नाही. नायक जॉर्ज बेली आपल्याकडच्या पतसंस्थेसारखी संस्था चालवतो. तिचे ८,००० डॉलर गहाळ होतात आणि गावचा धनाढ्य पॉटर ते दडवतो. त्याच्याकडेच मदत मागायला गेलेल्या जॉर्जजवळ तारणाला फक्त विम्याची पॉलिसी असते, तेव्हा पॉटर सुनावतो की तुझ्या जगण्यापेक्षा तुझं मरण महाग. जॉर्जची निराशा या हिशेबातून येते, मनाच्या दुबळेपणातून नव्हे. आपल्याकडे जिवंत शेतकऱ्याला वसुलीची नोटीस जाते आणि त्याने जीव दिल्यावर प्रकरण 'पात्र' ठरलं तर कुटुंबाला १ लाख रुपये मिळतात. ती मदत मिळालीच पाहिजे. पण जिवंतपणी आखडलेला हात मरणानंतरच सैल होत असेल, तर हिशेब पॉटरचाच आहे.

कुणी म्हणेल, जॉर्जने अनेकांचं भलं केलं म्हणून तो वाचला. जो कुणाच्या उपयोगी पडला नाही त्याचं काय? शेवटचा प्रसंग नीट पाहावा. देवदूत एक पैसाही देत नाही. पैसे गावकरी आणतात, आणि रक्कम गेली कुठे याची चौकशी न करता आणतात. माणूस अडचणीत आहे, एवढंच त्यांना पुरतं. हीच सहकाराची मूळ वृत्ती. खर्डा-जामखेडच्याच जिल्ह्यात, लोणीत, विठ्ठलराव विखे पाटलांनी १९२३ मध्ये सावकारी पाशाला उत्तर म्हणून पतपेढी उभी केली. पुढे कित्येक पतसंस्था संचालकांनीच बुडवल्या हे खरं. पण त्यावरून खुर्चीत पॉटर बसू देऊ नये एवढंच सिद्ध होतं, सहकार खोटा ठरत नाही. म्हणून गावोगावच्या सोसायट्यांनी थकबाकीदाराच्या दारी नोटिशीआधी माणूस पाठवावा, हप्ते नव्याने बांधून द्यावेत आणि त्याच्या घरची अडचण ऐकून घ्यावी. माणसाला जगण्याचा हक्क उपयोग सिद्ध करून कमवावा लागू नये.