आपला कुलवृत्तांत आपणच लिहिला पाहिजे

गावगाड्यात शिवेचा तंटा उभा राहिला म्हणजे साक्षीला कोणास बोलावीत, हे आपल्यातील वृद्धांनी ऐकलेले आहे. महारास बोलावीत. गावची शीव कोणत्या ओढ्यावरून वळते, कोणता दगड कोणाच्या बांधाचा, हे त्याला पाठ असे आणि त्याच्या सांगण्यास निवाड्यात मान असे. गावात कोणी मरण पावले तर परगावच्या सोयऱ्यांना वर्दी देण्याचे कामही त्याच्याच माथी असे. ज्याच्या स्मरणाने दुसऱ्यांच्या जमिनी राखल्या, त्याच्या पणतवाला आज स्वतःच्या पणजोबाचे नाव विचारले तर तो गप्प राहतो. बीड जिल्ह्यातील नवदीक्षित कुटुंबांपुढे आम्ही आज हाच प्रश्न ठेवीत आहोत. आपल्या घराण्याची माहिती आपण कागदावर केव्हा आणणार?

पुष्कळांना हा प्रश्नच रुचणार नाही. "आम्ही जात टाकली, देव्हारे विसर्जिले, आता मेलेल्यांची उठाठेव कशाला?" असे तरुण मंडळी विचारतात. शंका प्रामाणिक आहे, म्हणून तिला उत्तर दिले पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत श्राद्ध व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. पूर्वजांना विसरण्याची प्रतिज्ञा त्यांत कोठेही नाही. पिंड घालणारा मृताच्या गतीची चिंता वाहतो; नाव लिहून ठेवणारा त्याच्या कष्टांची साक्ष राखतो. बाबासाहेबांनी स्वतः १९४८ साली अस्पृश्यांच्या उत्पत्तीवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो नंदनार, रविदास व चोखामेळा या अस्पृश्य कुळांत जन्मलेल्या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला. आपले मूळ शोधण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

महाराष्ट्रात कुलवृत्तांत लिहिण्याची परंपरा जुनी आहे. परंतु ती आपल्या वस्तीपर्यंत कधी आली नाही. पांढरपेशा घराण्यांनी आपापली कुलमंडळे स्थापून वंशवृक्षांचे जाडजूड ग्रंथ छापले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले आणि सरदार, देशमुख, कुलकर्णी यांची दप्तरे जतन झाली. त्यांच्याजवळ सनदा होत्या, लेखणी होती आणि छापण्यास पैसा होता. आपल्याजवळ यांपैकी काही नव्हते. आपले नाव कागदावर आले ते बहुधा दुसऱ्याच्या हाताने आणि दुसऱ्याच्या सोयीने आले. तरीही ते आले आहे, आणि ते शोधता येते.

या कामी बीड जिल्ह्याची अडचण काहीशी निराळी आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात सामील झाला. त्यामुळे एकाच घराण्याचे कागद तीन राजवटींत विखुरलेले आहेत. जुन्या नोंदी उर्दूत किंवा मोडीत आहेत. अंबाजोगाईचा उल्लेख त्यांत मोमिनाबाद असा सापडेल. साल फसली असेल. त्यात ५९० मिळविले म्हणजे इसवी सन साधारण हाती येतो, म्हणजे फसली १३५७ हे १९४७-४८ चे वर्ष होय. नावापुढे आडनाव असेलच असे नाही. 'वल्द' किंवा 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा आणि 'कोम' किंवा 'जोजे' म्हणजे अमक्याची बायको, हे ध्यानात ठेवावे. कित्येकदा आडनावाच्या जागी जातीचेच नाव लिहिलेले आढळेल.

ते नाव वाचून संताप येईल. तो यावाही. परंतु त्या संतापात कागद फाडू नका व त्यावर खाडाखोडही करू नका. कारण काय ते ऐका. अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश १० ऑगस्ट १९५० रोजी निघाला. महाराष्ट्र शासनाने १९६० साली नवबौद्धांना सवलती लागू केल्या. केंद्रात मात्र अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना तो हक्क १९९० च्या दुरुस्तीनंतरच मिळाला. म्हणजे तब्बल चौतीस वर्षे धर्मांतराची शिक्षा आपल्या मुलांनी भोगली. आज हक्क आहे, पण तो सिद्ध करावा लागतो. जातप्रमाणपत्राची पडताळणी करणाऱ्या राज्याच्या कायद्याने सिद्धतेचा भार अर्जदारावर टाकला आहे. आपले कुटुंब १० ऑगस्ट १९५० पूर्वी या राज्याच्या मुलखात राहत होते आणि कोणत्या जातीचे होते, हे दाखवावे लागते. आपण ज्या शब्दाचा धिक्कार केला, तोच शब्द आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर असल्यावाचून नातवाचे प्रमाणपत्र अडते. हा विरोधाभास कटू आहे, परंतु तो ओळखूनच वागले पाहिजे. नाव बदलावयाचे असेल तर राजपत्रातून रीतसर बदला; जुन्या नोंदीस हात लावू नका.

जुन्या एका ओळीचे मोल किती, हे अलीकडे साऱ्या मराठवाड्याने पाहिले आहे. २०२३ साली मराठा समाजाच्या मागणीवरून शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदींसाठी तहसिलांतील निजामकालीन दप्तरे धुंडाळली गेली. त्या मागणीचा न्यायनिवाडा हा येथील विषय नव्हे. बोध एवढाच घ्यावयाचा की कागद दप्तरांत आहेत, मोडी व उर्दू वाचणारी माणसे मिळतात, आणि ज्यांनी नेटाने मागणी केली त्यांच्यासाठी फडताळे उघडली गेली.

वेळ मात्र थोडा आहे. १९७२ च्या दुष्काळात घरे मोडून माणसे देशोधडीस लागली. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावर मराठवाड्यात आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या; घराबरोबर घरातील पत्र्याची पेटीही जळाली. दरवर्षी ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर हजारो कुटुंबे सहा-सहा महिने जिल्ह्याबाहेर जातात. कोणाचे मूल साताऱ्याच्या फडावर जन्मते, कोणाचे बेळगावच्या. त्या जन्माची नोंद कोठे झाली, हे आईला आठवते तोवरच सापडणार. आई गेली की तेही गेले.

तेव्हा करावयाचे काय? प्रत्येक बुद्धविहारात पाच-सात जणांचे कुलवृत्त मंडळ स्थापन करा. त्यात दोन तरी स्त्रिया असाव्यात व एक शिक्षक असावा. प्रथम वस्तीतील सर्वांत वृद्ध माणसांकडे जा. आजा-पणजा कोण, मूळ गाव कोणते, ते का सोडले, वतनाचा हाडोळा होता काय, दीक्षा कोणत्या साली व कोठे घेतली, हे विचारा. १९४१ च्या फेब्रुवारीत शेजारच्या कसबे तडवळे येथे बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद झाली, तिला घरातील कोणी गेले होते काय, तेही विचारा. १९५० साली औरंगाबादेस निघालेल्या मिलिंद महाविद्यालयात कोणी शिकले असल्यास त्याचा दाखला पाहा. कोणी काय सांगितले व कोणत्या तारखेस सांगितले, हे त्याच्या नावानिशी लिहा.

मग कागदाकडे वळा. शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही, तहसिलातील जन्म-मृत्यूची जुनी नोंद, म्हणजे गाव नमुना १४, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात, १९५४-५५ चे खासरा पत्रक आणि इनामाचे कागद ही मुख्य ठिकाणे होत. गायरान कसणाऱ्यांनी गाव नमुना १-ई ही अतिक्रमणांची नोंदवही अवश्य पाहावी. कारण १४ एप्रिल १९९० पूर्वीची आपली अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय पुराव्यावरच चालतो. अर्ज लेखी करा, पोच घ्या, प्रमाणित प्रत मागा. टाळाटाळ झाली तर २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा आहे. मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नका. प्रती काढून निरनिराळ्या दोन घरी ठेवा.

दोन गोष्टींविषयी सावध करणे आमचे कर्तव्य आहे. पहिली ही की, छापील कुलवृत्तांतांत लेकी बहुधा गळतात आणि सुनांचे माहेर हरवते. आपल्या वहीत तसे होता कामा नये. पडताळणीत वडिलांकडील नात्याचे पुरावे मागतात हे खरे. परंतु आंतरजातीय विवाहातून जन्मलेल्या मुलाला, आपण आईच्या समाजात वाढलो व त्या समाजाप्रमाणेच अवहेलना भोगली, हे पुराव्याने मांडता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दिला आहे. जिने घर चालविले तिचे नाव वहीत असलेच पाहिजे.

दुसरी गोष्ट अशी की, खोटा मोठेपणा लिहू नका. वंशवृक्षाच्या बुडाशी राजा किंवा सरदार आणून बसविण्याचा मोह अनेकांना होतो. रक्तावरून माणसाची प्रतिष्ठा ठरते, हे मत ज्यांनी धर्मांतराने नाकारले, त्यांनी तेच मत वहीच्या पहिल्या पानावर लिहिणे शोभत नाही. माहिती मिळाली नाही तर जागा कोरी ठेवा. कोरेगावच्या विजयस्तंभावर 'नाक' हा प्रत्यय असलेली महार शिपायांची नावे कोरलेली आहेत. ती कोणा सरदारांची नव्हेत, साध्या शिपायांची आहेत, तरी दरवर्षी लाखो लोक ती पाहण्यास जातात. पाणी भरणारी, रस्त्यावर खडी फोडणारी, मुलाला पहिल्यांदा शाळेत घालणारी माणसे आपल्या वहीत त्यांच्या खऱ्या कामासह यावीत.

बंधुभगिनींनो, वर्षावास आषाढी पौर्णिमेस सुरू होतो व आश्विन पौर्णिमेस संपतो. त्या तीन महिन्यांत विहारात ग्रंथवाचनासाठी सारी वस्ती एकत्र येते, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत उसाच्या टोळ्या निघतात. म्हणून टोळ्या निघण्यापूर्वी, वाचन संपले की रोज एका घराची माहिती सर्वांसमक्ष लिहून घ्या. एकाला आठवले नाही ते दुसऱ्याला आठवेल, आणि चूक असेल तर तेथल्या तेथे दुरुस्त होईल. एक वही, एक लेखणी आणि घरातील म्हातारे माणूस, एवढ्यावर हे काम आजच सुरू करता येते.