ग्रहणाचा गौरव आणि झाकलेली नावे

संहितेचा अर्थ वाचक घडवतो, या विधानाला विद्यापीठीय समीक्षेत पाठ्यपुस्तकाची प्रतिष्ठा लाभली आहे. एकेकाळी जे बंड होते ते आता परीक्षेतील अपेक्षित उत्तर झाले आहे. हान्स रॉबर्ट याऊस यांनी १९६७ मध्ये कॉन्स्टान्स येथील व्याख्यानातून वाङ्मयेतिहासाला आव्हान दिले. त्या मांडणीतील 'अपेक्षांचे क्षितिज' ही संज्ञा सर्वतोमुखी झाली. तिच्यामागची ऐतिहासिक शिस्त मात्र गळून पडली. 'कोणत्या काळातील, कोणत्या थरातील ग्राहकाने, कोणत्या मार्गाने हाती आलेली कृती कशी स्वीकारली?' या प्रश्नाची जागा 'ग्राहक सार्वभौम आहे' या घोषणेने घेतली. लोकप्रिय संगीताच्या अभ्यासात ही घोषणा विशेष उत्साहाने दिली जाते. म्हणून तिची परीक्षा तेथेच घेणे इष्ट होईल. सॉफ्ट सेल या ब्रिटिश जोडीचे 'टेंटेड लव्ह' (१९८१) हे सिंथ-पॉप गीत या परीक्षेसाठी सर्वथा योग्य आहे. कारण ग्रहणसिद्धांताचे सामर्थ्य आणि त्याची लबाडी ही दोन्ही त्यात एकत्र दिसतात.

या गीताचा इतिहास वळणावळणाचा आहे. एड कॉब यांनी रचलेले हे गीत ग्लोरिया जोन्स या कृष्णवर्णीय अमेरिकन गायिकेने १९६४ मध्ये ध्वनिमुद्रित केले. १९६५ मध्ये ते एका तबकडीच्या मागल्या बाजूवर प्रसिद्ध झाले आणि विस्मृतीत गेले. १९७० नंतरच्या दशकात उत्तर इंग्लंडमधील नृत्यगृहांत ते पुन्हा वाजू लागले. साठच्या दशकात अमेरिकेत अपयशी ठरलेल्या, दुर्मिळ आणि द्रुत लयीच्या तबकड्या हुडकून त्यांवर रात्ररात्र नाचायचे, असा एक पंथच तेथील कामगारवर्गीय तरुणांत निर्माण झाला होता. त्याला 'नॉर्दर्न सोल' म्हणत. विगन कॅसिनो हे त्याचे प्रख्यात केंद्र. जोन्सने १९७६ मध्ये हे गीत नव्याने गायिले, तेही चालले नाही. पुढे लीड्स पॉलिटेक्निकमध्ये कलेचे शिक्षण घेताना एकत्र आलेल्या मार्क आमंड आणि डेव्ह बॉल यांनी त्याची लय संथ केली, पितळी वाद्यांच्या जागी सिंथेसायझर आणला आणि जुलै १९८१ मध्ये ते प्रसिद्ध केले. सप्टेंबरमध्ये ते ब्रिटिश विक्रीयादीत अग्रस्थानी पोहोचले. अमेरिकेत त्याने आठव्या क्रमांकापर्यंतच मजल मारली. परंतु 'बिलबोर्ड हॉट १००' यादीत ते ४३ आठवडे टिकले. तो त्या वेळचा विक्रम होता.

या यशाकडे पाहण्याची पहिली रीत सोवळ्या रसिकांची. मूळ गीतात जिवंत भावना होती, यंत्राने तिचे कलेवर केले, असा हा आक्षेप. तो केवळ दिवाणखान्यातला नव्हता. १९८२ मध्ये ब्रिटिश संगीतकार संघटनेच्या मध्य लंडन शाखेत सिंथेसायझर आणि तालयंत्रे यांच्याविरुद्ध ठराव झाला. संघटनेने तो धोरण म्हणून स्वीकारला नाही, ही गोष्ट वेगळी. रोजगार जाण्याची वादकांची भीती समजण्याजोगी आहे. तिला सौंदर्यशास्त्राचा अंगरखा चढवणे समजण्याजोगे नाही. विगन येथे नाचणाऱ्यांनी जोन्सला प्रत्यक्ष गाताना ऐकून हे गीत आपलेसे केले नव्हते. त्यांच्यापर्यंत आली ती कारखान्यात छापलेली तबकडी, आणि तीही समुद्र ओलांडून, कित्येक वर्षांनी. ज्याला 'जिवंत मूळ' म्हणायचे ते आधीच यंत्रस्थ होते. सिंथेसायझरने यंत्र आणले नाही. असलेले यंत्र लपवण्याचे नाकारले, इतकेच.

आडोर्नो यांचे नाव घेऊन केला जाणारा आक्षेप अधिक गंभीर आहे. लोकप्रिय संगीतावरील १९४१ च्या निबंधात त्यांनी प्रमाणीकरण आणि आभासी वैयक्तिकता यांचे जे विश्लेषण केले, त्यानुसार असे गीत म्हणजे ठरावीक साच्यावर दिलेला वेगळेपणाचा मुलामा. परंतु दोन्ही ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवून ऐकली, तर साचा तोच असूनही अर्थ तो राहत नाही, हे मान्य करावे लागते. जोन्सच्या गायनात लय धावते, वाद्ये पाठीशी उभी राहतात. नासलेल्या नात्यातून बाहेर पडणाऱ्या स्त्रीचा तो त्वेष आहे. तिचे पाऊल उंबऱ्याबाहेर पडलेलेच आहे. आमंडच्या आवाजात तीच निघून जाण्याची भाषा आहे. पण खाली तोच तोच विद्युत्-ध्वनी दोन टोल्यांत परत परत येतो आणि आवाजाला हलू देत नाही. एकाचा आशय निर्गमन, दुसऱ्याचा आशय निर्गमनाची अशक्यता. येथे पुनरावृत्ती हा उत्पादनपद्धतीचा दोष उरत नाही. ती आसक्तीची चिन्हव्यवस्था होते. हे ज्याला ऐकू येत नाही, त्याने आडोर्नो वाचला असेल. गीत ऐकलेले नाही.

येथवर ग्रहणवादी समीक्षक समाधानाने मान डोलावतील. त्यांच्यासाठी तर पुढील प्रकरण अधिकच सोयीचे आहे. कॉइल या ब्रिटिश गटाने १९८५ मध्ये हेच गीत प्रेतयात्रेच्या संथपणाने सादर केले आणि त्याचे उत्पन्न एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला दिले. 'टेंटेड' या शब्दाचे मराठीत 'नासलेले', 'डागाळलेले', 'विटाळलेले' असे निरनिराळे पर्याय संभवतात. १९६५ मध्ये त्यातला पहिला पुरेसा होता. १९८५ मध्ये शेवटचा टाळता येणे अशक्य झाले. कारण रोग्याच्या शरीराला आणि प्रेमाला समाज तोच शब्द लावत होता. यावरून १९८१ चे गीतही त्या साथीचे भाकीत ठरवण्याचा मोह अनेकांना होतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा पहिला अहवाल ५ जून १९८१ चा, गीत त्यानंतरच्या महिन्यातले. एवढा योगायोग भाकीतवाद्यांना पुरतो. पण त्या अहवालात लॉस एंजेलिसमधील अवघे पाच रुग्ण होते आणि रोगाला एड्स हे नाव मिळाले ते १९८२ मध्ये. त्या उन्हाळ्यातील श्रोत्याच्या क्षितिजावर हा अर्थ नव्हता. १९८५ चा अर्थ खरा आहे; पण तो १९८५ चा आहे. एका क्षितिजावरील अर्थ दुसऱ्या क्षितिजावर लादणे म्हणजे ग्रहणेतिहास नव्हे, ज्योतिष होय.

तथापि ग्रहणवादाचा मोठा दोष कालविपर्यासाचा नाही, मौनाचा आहे. नॉर्दर्न सोलच्या नृत्यगृहांत तबकडी वाजवणारे प्रतिस्पर्ध्यांना सुगावा लागू नये म्हणून तिचे लेबल झाकून टाकत, गायकाला खोटे नाव देत. ज्या ग्राहकसमूहाने टाकून दिलेल्या संगीताला नवा जन्म दिला, त्याच समूहाच्या आचारात गाणाऱ्याचे नाव पुसणे हा डावपेच होता. 'लेखकाचा मृत्यू' या रूपकावर पाने भरणाऱ्यांनी या चिकटवलेल्या कागदाकडे पाहावे. येथे मृत्यू तात्त्विक नाही. झाकले जाणारे नाव बहुधा कृष्णवर्णीय कलावंताचे आहे आणि झाकणाऱ्याचा त्यात लाभ आहे.

लेखक मरतो असे म्हणावे, तर हिशेबाच्या वहीत तो ठणठणीत असतो. १९८१ च्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूचे गीतही परक्याचे होते, सुप्रीम्सने १९६४ मध्ये गाजवलेले. परिणामी त्या तबकडीवरील गीतलेखनाच्या मानधनातला वाटा आमंड आणि बॉल यांना मिळाला नाही. तो मूळ रचनाकारांचा होता. आणि ग्लोरिया जोन्स? गीताला पहिली मुद्रा देणारा आवाज तिचा. पण ती रचनाकार नव्हती आणि नव्या तबकडीवर तिचा आवाजही नव्हता. गायकी, उच्चार, शब्दाला दिलेली धार यांवर रचनाकाराचा हक्क कोणी मानत नाही. कायदा रचनेला ओळखतो, विशिष्ट ध्वनिमुद्रणाला ओळखतो. एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेलेल्या अर्थाला तो ओळखत नाही. समीक्षेनेही तो ओळखू नये काय? ज्या देवघेवीला कायदा आंधळा आहे, ती पाहणे हेच समीक्षेचे काम आहे. त्याऐवजी 'अर्थ श्रोत्यांनी घडवला' असे म्हणून मोकळे होणारा सिद्धांत कायद्याच्या आंधळेपणाला वैचारिक पाठबळ पुरवतो.

यावर उपाय म्हणून पुन्हा 'मूळ कृती'च्या देव्हाऱ्याकडे वळावे असे नव्हे. सॉफ्ट सेलची कृती नक्कल नाही, कॉइलची तर नाहीच. तिन्ही सादरीकरणे स्वतंत्रपणे उभी राहतात. मुद्दा एवढाच की, ग्राहक हा अर्थाचा एक उत्पादक असेल, तर उत्पादनाचे सर्व प्रश्न त्यालाही लागू होतात: कच्चा माल कोणाचा, श्रम कोणाचे, नाव कोणाचे, नफा कोणाचा. याऊस यांच्या संकल्पनेला इतिहास हवा होता. तिच्या अनुयायांनी तिला उत्सव दिला. विगन कॅसिनो डिसेंबर १९८१ मध्ये बंद झाले, त्याच वर्षी त्या नृत्यगृहांनी जपलेले गीत देशभर वाजत होते. ग्रहणाचा इतिहास लिहायचा, तर ही दोन्ही वाक्ये एकत्र लिहावी लागतील, आणि त्यांच्या आधी ग्लोरिया जोन्सचे नाव लिहावे लागेल. लेबलावरचा कागद काढण्याची तयारी नसलेल्या समीक्षेने वाचकाच्या सार्वभौमत्वाविषयी बोलू नये.