वगळायची यादी
रोज रात्री आपोआप होणाऱ्या बॅकअपमध्ये काय घ्यायचं याचा सगळे विचार करतात. काय वगळायचं ते मात्र घाईत उरकलं जातं, आणि खरी जोखीम तिथेच असते. ब्राउझरची कॅश किंवा ‘नोड_मॉड्यूल्स’सारखे पुन्हा सहज उतरवता येणारे फोल्डर खुशाल गाळावेत; हजारो बारीक फायलींपायी बॅकअप रखडतो. पण विंडोजमधलं ‘ॲपडेटा’ सरसकट गाळू नये. थंडरबर्डची कॅश त्यातल्या ‘लोकल’मध्ये असते, तर तुमच्या वर्षानुवर्षांच्या मेल शेजारच्या ‘रोमिंग’मध्ये! फायलींची नक्कल करणारं ‘आरसिंक’ वापरणाऱ्यांनी तर आणखी जपावं. यादीत नुसतं ‘टेम्प’ लिहिलं की त्या नावाचा प्रत्येक फोल्डर, कितीही खोलवर असो, गळतो. कुणी प्रबंधाचा मसुदा त्यात ठेवला असेल तर तोही. नावाआधी तिरकी रेघ दिली तर नियम फक्त सर्वांत वरच्या पातळीपुरता राहतो (ही पातळी नक्कल जिथून सुरू होते तिथली, डिस्कची नव्हे). एरवी गाळलेल्या फायलींबद्दल आरसिंक चकार शब्द काढत नाही. म्हणून यादीत बदल केला की आधी ‘ड्राय-रन’ (प्रत्यक्ष नक्कल न करता नुसती चाचणी) करावाच; जोडीला दोन ‘व्ही’ दिले की काय वगळलं आणि कोणत्या नियमामुळे, ते नावानिशी दिसतं.