यंत्र म्हणतं, पुन्हा बोला

जपान म्हटलं की आपल्याकडच्या लोकांच्या डोळ्यांपुढे बुलेट ट्रेन आणि रोबो येतात. सुट्टीत घरी गेले की काका हमखास म्हणतात, "तुझं काय बाई, तिकडे सगळं बटणावर चालत असेल!" चालतं हो काका, पण कुठलं बटण ते आधी कळायला हवं ना :)

मी इथे एका छोट्या गावातल्या सरकारी शाळेत सातवी ते नववीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. म्हणजे मुख्य शिक्षक जपानी, आणि मी त्यांची परदेशी मदतनीस. या नोकरीत शिकवण्याइतकाच वेळ यंत्रांची मनधरणी करण्यात जातो.

कीबोर्डपासूनच सुरुवात करा. इथल्या कीबोर्डवर ॲटचं चिन्ह दोनच्या डोक्यावर नसतं, ते पीच्या शेजारी जाऊन बसलेलं असतं. दोनच्या डोक्यावर असतं अवतरणचिन्ह. डावीकडे वरच्या कोपऱ्यात एक बटण असतं, त्याला चुकून बोट लागलं की इंग्रजी बंद आणि जपानी सुरू. मग 'ॲपल' लिहायला जावं तर स्क्रीनवर हिरागाना आणि रोमन अक्षरांची खिचडी शिजते.

दुसरी गंमत नावांची. बँकेत, मोबाईलच्या दुकानात, सगळीकडे आपलं नाव काताकाना लिपीत लिहून द्यावं लागतं. या लिपीत ल आणि र वेगळे नाहीत, ळ तर नाहीच, आणि एक अनुनासिक सोडलं तर स्वराशिवाय व्यंजन उभंच राहत नाही. त्यामुळे आपले कुलकर्णी इथे 'कुरुकारुनि' होतात. कमल, कमळ आणि कमर या तिघांचंही 'कामारु' होतं. शिवाय एका दुकानदाराने शेवटचा स्वर लांबवला आणि दुसऱ्याने नाही, की संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी माणसं. आपल्या पद्धतीप्रमाणे पासपोर्टात मधे वडिलांचं नाव असेल तर विचारूच नका, ते मावेल एवढी चौकट फॉर्मवर असेलच असं नाही.

त्यातून नाव मावलंच, तर अक्षरांच्या रुंदीची भानगड येते. इथे संगणकावर अक्षरांची दोन मापं आहेत, पूर्ण रुंदीची आणि अर्ध्या रुंदीची. एक फॉर्म म्हणतो पूर्ण हवी, दुसरा म्हणतो अर्धी हवी. दिसायला अक्षर तेच, पण चुकीच्या मापाचं दिलं तर लाल अक्षरांत नकार! यामागे इतिहास आहे. १९६९ साली संगणकासाठी जे जपानी मानक ठरलं त्यात रोमन अक्षरांच्या जोडीला फक्त काताकाना बसली. हजारो कांजी चिन्हांना जागाच नव्हती, ती सोय १९७८च्या मानकात झाली. जुन्या काळची अर्ध्या रुंदीची काताकाना मात्र बँकांच्या व्यवहारातून अजून गेलेली नाही. आपण यावर फार हसू नये. युनिकोडच्या आधी एका फाँटात टाइप केलेलं मराठी दुसऱ्या संगणकावर उघडलं की काय दिसायचं, ते आठवून पाहा.

असो. हे सगळं मी हसण्यावारी नेते, कारण यात वेळ जातो तो माझा. माझी खरी तक्रार वर्गातली आहे. तिथे वेळ मुलांचा जातो, आणि कधी कधी वेळेपेक्षाही मोठं काहीतरी जातं.

ज्या देशात फ्लॉपी डिस्कची सक्ती करणारे सरकारी नियम निघायला २०२४ साल उजाडलं, त्याच देशात २०२१च्या मार्चपर्यंत बहुतेक सरकारी प्राथमिक आणि माध्यमिक शाळांतल्या प्रत्येक मुलासाठी एक टॅब्लेट किंवा छोटा लॅपटॉप आला होता. गिगा स्कूल नावाची ही योजना २०१९च्या अखेरीस जाहीर झाली आणि कोविडमुळे घाईघाईने पूर्ण करण्यात आली. हेतू उत्तम. पण वर्गात तीस-पस्तीस मुलं आणि तास पन्नास मिनिटांचा. कुणाचा पासवर्ड चालत नाही, कुणाची बॅटरी संपलेली, सगळ्यांनी एकदम व्हिडिओ उघडला की वाय-फाय मान टाकतं. यात दहा मिनिटं सहज जातात. आता हिशेब करू. माध्यमिक शाळेत इंग्रजीचे वर्षाला १४० तास असतात. दर दुसऱ्या तासाला दहा मिनिटं गेली असं धरलं, तरी वर्षाची ७०० मिनिटं झाली. म्हणजे १४ तास. आठवड्याला चार तास असतात, तेव्हा साडेतीन आठवड्यांचं इंग्रजी लॉगिनमध्ये गेलं!

तरीही वेळ भरून काढता येतो. भरून न येणारी गोष्ट म्हणजे धीर.

इथली मुलं चुकीचं बोलण्यापेक्षा गप्प बसणं पसंत करतात. माझ्या वर्गात एक मुलगी आहे. पहिले कित्येक महिने तिने माझ्याशी इंग्रजीत एक शब्द काढला नव्हता. मग हळूहळू बोलायला लागली. 'राइस'चं 'लाइस' होतं, पण मला समजतं, मी उत्तर देते, ती हसते. भाषा शिकणं ते हेच. मग आमच्याकडे उच्चार तपासणारं ॲप आलं. टॅब्लेटसमोर वाक्य बोलायचं, ते गुण देतं. तिने वाक्य म्हटलं. यंत्र म्हणालं, पुन्हा बोला. तिने पुन्हा म्हटलं. पुन्हा बोला. तिसऱ्यांदा तिने टॅब्लेट उलटा करून ठेवला. त्या आठवड्यात ती माझ्याशीही बोलली नाही.

मी स्वतः तेच वाक्य त्या ॲपला ऐकवलं. मलाही त्याने पूर्ण गुण दिले नाहीत. आपले ट आणि ड जीभ मागे वळवून येतात, व्ही आणि डब्ल्यूला आपल्याकडे मिळून एकच व. यंत्राच्या कानाला हे पटत नाही. मुलांनी ते पाहिलं आणि एका मुलाने अगदी निरागसपणे विचारलं, "सेन्सेई, म्हणजे तुमचं इंग्रजी चूक आहे?"

हा प्रश्न माझ्या मानापमानाचा नाही. यंत्राने ज्यांचे आवाज जास्त ऐकले, त्यांचंच त्याला नीट समजतं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२० साली पाच मोठ्या कंपन्यांच्या, बोलणं ऐकून लिहून घेणाऱ्या प्रणाली तपासल्या. अमेरिकेतल्याच गोऱ्या लोकांच्या बोलण्यात त्या सरासरी १९ टक्के शब्द चुकत होत्या आणि कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५ टक्के. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी, त्यांची ही गत, तिथे कुरुकारुनि आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचं काय घेऊन बसलात? पण बारा-तेरा वर्षांच्या मुलाला हे माहीत नसतं. त्याला एवढंच दिसतं की आपल्याला दहापैकी चार मिळाले.

यंत्रं फेकून द्या असं मी म्हणत नाही. लाजाळू मूल घरी एकटं बसून तेच वाक्य दहादा ऐकू शकतं, ही मोठी सोय आहे. आणि यंत्र कसं वापरावं याचा चांगला नमुना याच देशात आहे. विद्यापीठ प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेत जानेवारी २००६मध्ये पहिल्यांदा इंग्रजी श्रवणाची चाचणी आली. जवळपास पाच लाख मुलांना प्रत्येकी एक छोटा ऑडिओ प्लेयर दिला गेला. तो बिघडला तर मुलाने हात वर करायचा, आणि मागाहून त्याची उरलेली परीक्षा घ्यायची अशी सोय ठेवली होती. पहिल्याच वर्षी चारशेहून जास्त मुलांना ती लागली. वर्तमानपत्रांनी टीका केली, पण मला ती व्यवस्था फार शहाणी वाटते. यंत्र चुकू शकतं हे तिथे आधीच मान्य केलेलं होतं, आणि मुलाच्या हात वर करण्याला किंमत होती.

उच्चार तपासणाऱ्या ॲपसमोर हात वर करता येत नाही. "मी बरोबर बोललो, तुला ऐकू आलं नाही" असं त्याला सांगायची सोयच नाही. टोकियोत तर २०२२पासून नववीच्या मुलांची इंग्रजी संभाषणाची परीक्षा टॅब्लेटशी बोलून होते आणि तिचे गुण सरकारी हायस्कूलच्या प्रवेशात धरतात. तिथे गुण माणसं देतात हे खरं, पण मूल बोलतं तेव्हा मान डोलावणारं समोर कुणी नसतं.

माझं मागणं साधं आहे. यंत्राने दिलेला गुण बदलायचा अधिकार वर्गातल्या शिक्षकाला हवा. मुलांच्या कानावर अमेरिकन आवाजांसोबत भारतीय, फिलिपिनो, व्हिएतनामी आवाजही पडायला हवेत, कारण उद्या कामाच्या ठिकाणी ही मुलं ज्यांच्याशी इंग्रजीत बोलतील त्यांतले कितीतरी आमच्यासारखेच असतील. आणि मुलाने नवं वाक्य पहिल्यांदा म्हणायचं ते माणसाकडे बघून, यंत्राची पाळी त्यानंतर.

इथे रात्रीचे साडेनऊ वाजले की तिकडे सहा वाजतात, तेव्हा मी आजीला व्हिडिओ कॉल करते. चित्र अडकतं, आवाज तुटतो, अर्धी वाक्यं हवेत विरतात. तरी "जेवलीस का" हे तिला कधी दुसऱ्यांदा विचारावं लागलेलं नाही. तुटलेलं आम्ही आपापल्या मनाने जोडून घेतो. वर्गात त्या मुलीशी बोलताना मी हेच करत होते, आणि यापुढेही करणार आहे, मग ॲप काहीही म्हणो.