उंचीचे अंदाजपत्रक

गेल्या काही वर्षांत सायकल पुन्हा मानाने रस्त्यावर आली आहे. कामावर जाण्याचे साधन म्हणून तिची जी उपेक्षा झाली, ती छंदाच्या रूपाने थोडीफार भरून निघत आहे, ही समाधानाची बाब होय. पुणे, नाशिक, इंदूर, बडोदे, बंगळूरु अशा शहरांतील हौशी मंडळी गट करून पर्वतप्रदेशात जातात आणि मनाली ते लेह हा रस्ता एकदा तरी सायकलीने पार करावा, अशी इच्छा त्यांतील अनेकांच्या मनात असते. इच्छा उत्तमच आहे. मात्र या यात्रेची आखणी ज्या पद्धतीने केली जाते, ती पद्धत बदलावयास हवी, असे मला आग्रहाने वाटते.

साधारणतः आखणी अशी होते. रोहतांगमार्गे हे अंतर सुमारे ४७५ किलोमीटर. त्याला आठने भागले की रोजचे साठ किलोमीटर येतात. सपाटीवर रविवारी ऐंशी-शंभर किलोमीटर जाणाऱ्यास साठचे काय? शिवाय मागचापुढचा रविवार धरून आठवडाभराची रजा घेतली की हिशेब नेमका जुळतो. हे गणित कागदावर बिनचूक असते, परंतु त्यात मोजायची गोष्टच मोजलेली नसते. हिमालयात अंतर किलोमीटरमध्ये असते, श्रम आणि धोका मात्र उंचीच्या मीटरमध्ये.

मनाली सुमारे २,०५० मीटर उंचीवर आहे. तेथून रोहतांग (३,९७८ मीटर), बारालाचा ला (सुमारे ४,८९०), नकी ला (सुमारे ४,७४०), लाचुलुंग ला (सुमारे ५,०६०) आणि टांगलांग ला (सुमारे ५,३२८) अशा पाच खिंडी ओलांडाव्या लागतात. शेवटच्या खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो, म्हणजे प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायूही निम्म्याच्या आसपास. पायांत कितीही बळ असले तरी रक्ताला या हवेची सवय होण्यास दिवस लागतात आणि ते दिवस सरावाने विकत घेता येत नाहीत. सह्याद्रीतील वरंधा किंवा आंबेनळी घाट मांड्या जरूर तयार करतील. पण महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई हेच मुळी १,६४६ मीटरचे, म्हणजे मनालीहूनही ठेंगणे आहे, हे विसरता कामा नये.

पर्वतीय वैद्यकशास्त्राचा सर्वमान्य दंडक असा की, ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा ठेवावा. आठ दिवसांच्या कार्यक्रमात जिस्पा (सुमारे ३,३०० मीटर) येथून दुसऱ्याच दिवशी सारचू (सुमारे ४,२९०) गाठावयाचे असते. म्हणजे मर्यादेच्या दुप्पट चढ. त्याऐवजी जिस्पाला दोन रात्री काढून पुढे पटसेऊ आणि झिंगझिंगबार असे दोन मुक्काम केले, तर दंडक पाळला जातो आणि बारालाचाचा चढही सकाळच्या ताज्या पायांनी सुरू होतो. उन्हे चढली की बर्फ वितळून वाटेतील ओढे फुगतात, हाही सकाळी निघण्याचा फायदा.

सारचूच्या पुढचा टप्पा सर्वांत विचार करण्याजोगा आहे. डोके ठणकणे, मळमळणे, झोप न लागणे ही उंचीच्या विकाराची पहिली लक्षणे. विकार फुप्फुसांत वा मेंदूत उतरला तर जिवावर बेतते. यावर खरा उपाय एकच, विनाविलंब खाली उतरणे. पण सारचू आणि पांग यांच्या दोन्ही बाजूंना खिंडी आहेत. तेथून खाली जाण्यासाठीही रस्ता आधी वर चढतो. गाटा लूप्सची एकवीस वळणे, नकी ला आणि लाचुलुंग ला या टप्प्यात आहेत. म्हणून ‘त्रास झाला तर पाहू’ हे धोरण येथे चालत नाही. सारचूपूर्वीच प्रत्येकाची प्रकृती पारखावी आणि शंका असल्यास जिस्पाकडे परतावे.

२०२० साली ऑक्टोबरमध्ये अटल बोगदा खुला झाला आणि मनाली-लेह अंतर ४६ किलोमीटरने घटले. सोय मोठी झाली, पण वाहनाने तासा-दोन तासांत लाहौलमध्ये उतरून तेथून सायकल सुरू करणारा शरीराला मिळणारा वेळही घटवतो, हे ध्यानी घ्यावे. तो वेळ केलाँग वा जिस्पाच्या मुक्कामात भरून काढावा.

माझ्या मते या यात्रेस मनालीतील दोन दिवस, प्रवासाचे बारा आणि राखीव दोन, असे सोळा दिवस असावेत. दरड, पाऊस, मोडलेला आरा किंवा सहप्रवाशाचा ताप यांसाठी हे राखीव दिवस. घरच्या अंदाजपत्रकात आकस्मिक खर्चाची तरतूद आपण करतो. तीच शिस्त येथेही लागू आहे. एवढी रजा नसेल तर स्पितीचा किंवा कुमाऊँचा लहान मार्ग निवडावा, पण लेहचे दिवस कापू नयेत.

इतर बाबी थोडक्यात. पुढच्या सर्वांत लहान चक्राइतके किंवा त्याहून अधिक दाते मागच्या चक्राला असावेत, म्हणजे लादलेली सायकलही चढते. ब्रेकचे गुटके, ट्यूब, आरे व साखळीचे दुवे जवळ ठेवावेत. दारचा ते उपशी या पट्ट्यात एटीएम वा मोबाईलचे जाळे गृहीत धरू नये. पुरेशी रोख रक्कम आधीच काढून ठेवावी. औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

शेवटची आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे परतण्याचा निर्णय कोण घेणार, हे निघण्यापूर्वी ठरवावे. उंचीवर माणसाचा विवेक मंदावतो आणि गटात ‘माझ्यामुळे सर्वांचा खोळंबा नको’ या संकोचाने आजारी मनुष्य गप्प राहतो. म्हणून सर्वांसमक्ष असा नियम करावा की, एकाची प्रकृती बिघडल्यास किमान एकाने त्याच्यासोबत उतरावे आणि त्यात कोणी कमीपणा मानू नये. रस्ता पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा खुला होणारच आहे.