तंबोऱ्याचे लाकूड आणि आपला कान

स्नेहसंमेलनात गायकाच्या मागे दोन तंबोरे उभे राहिले की सभागृहाला आपोआप भारदस्तपणा येतो. दांडीवरची नक्षी, भोपळ्याचा डौलदार घेर, पॉलिशची चकाकी यांचे आपण कौतुक करतो. त्या वाद्याचा आवाज कशामुळे चांगला, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. विचारलाच तर ठरलेले उत्तर मिळते : ‘लाकूड चांगले आहे!’ हे उत्तर अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे आपण जाणून घेतले नाही, तर चांगले तंबोरे घडणेच कठीण होईल, असे मला वाटते.

आधी लाकडाचे खरे श्रेय त्याला देऊ. तार बारीक असते. ती एकटी फारशी हवा हलवू शकत नाही. तिचे कंपन घोडीतून तबलीत उतरते, आणि तबली व भोपळा मिळून ते आपल्या कानापर्यंत पोहोचवतात. म्हणून तबलीचे लाकूड वजनाला हलके पण ताठ हवे, रेषा सरळ हव्यात, गाठी नकोत. मिरजेत यासाठी तुनाचे लाकूड परंपरेने वापरले जाते. कडुनिंबाच्याच कुळातले हे झाड. त्याच्या एका घनमीटर लाकडाचे वजन साधारण ४५० ते ५०० किलो भरते, तर सागाचे ६५० किलोच्या आसपास. तबली जाड राहिली तर आवाज कोंडतो. फार पातळ झाली तर तारांच्या दाबाने बसते. दांडीचे काम निराळे. तारांचा ताण वर्षानुवर्षे सोसून तिने वाकायचे नाही, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. म्हणजे एकाच वाद्यात लाकडाच्या दोन तुकड्यांची परीक्षा दोन वेगळ्या कसोट्यांवर होते.

पण ‘अमुकच लाकूड उत्तम’ असा नियम करू गेलो, तर तंजावर आडवे येते. तिकडचा तंबोरा फणसाच्या लाकडाचा. भोपळ्याऐवजी त्याची घागरही लाकडातूनच कोरलेली. त्याचा नाद निराळा असेल, पण त्याला उणा कोण म्हणेल?

शिवाय तंबोऱ्याचे तेज मुळात लाकडातून येतच नाही. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. तार जिथे छेडली, तिथे ज्या स्वरांशांचा स्थिर बिंदू असतो ते स्वरांश शास्त्राप्रमाणे ऐकू येऊ नयेत. तंबोऱ्यात मात्र तेही ऐकू येतात. त्याचे कारण रामन यांना रुंद, किंचित बाकदार घोडीत आणि तिच्यावरच्या सुताच्या धाग्यात सापडले. यालाच आपण जवारी म्हणतो. कानसीचे दोन हात कमीअधिक झाले तरी ती बिघडते. स्वरांचे हे वैभव घोडी निर्माण करते. लाकडाने ते इमानाने वाहून न्यायचे.

तेव्हा मोल आहे ते पारख असलेल्या हातांचे. मिरजेचा इतिहास हेच सांगतो. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचा धंदा मंदावला, तेव्हा तिथल्या फरीदसाहेब शिकलगारांसारख्या कारागिरांनी तलवारींना धार लावणारे हात तंतुवाद्यांकडे वळवले. पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांसारखा सुरांबाबत काटेकोर गवई त्याच गावात राहिला. ऐकणारा कान असा चोखंदळ असला की करणाऱ्या हातालाही सैल पडता येत नाही.

आज परिस्थिती काय आहे? २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण मानांकनाने नाव राखले जाते. लाकूड त्याने सुकत नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला भोपळा पिकवणाऱ्या शेतकऱ्याला ते पावसापासून वाचवत नाही. लाकूड नीट मुरायचे तर ते दीर्घकाळ ठेवावे लागते, म्हणजेच पैसा अडकवून ठेवावा लागतो. आपण गिऱ्हाईक म्हणून नक्षीचे पैसे बिनतक्रार देतो आणि बाकीच्या किमतीत घासाघीस करतो. मग कारागिराने लाकूड मुरवत ठेवावे तरी कोणाच्या भरवशावर? गिऱ्हाईकाचा कान जसा, तसे लाकूड तबलीला लागणार.

इलेक्ट्रॉनिक तंबोरा आहे, मोबाइलवरही सूर मिळतो, मग ही उठाठेव कशाला, असे काही मित्र म्हणतील. वसतिगृहाच्या खोलीत पहाटेच्या रियाजाला त्या पेटीची सोय मी नाकारत नाही. परंतु तिथे सूर आयता मिळतो. खुंटी पिळताना, मणी सरकवताना, धागा केसभर हलवताना कान जो तयार होतो, तो त्या पेटीने होत नाही. आणि कानच तयार नसेल, तर उद्या चांगले वाद्य ओळखणार कोण?

म्हणून एक साधी सूचना करावीशी वाटते. ज्या महाविद्यालयात संगीताचा वर्ग आहे, तिथे निदान एक तंबोरा गवसणीबाहेर, लावलेला असावा आणि तो लावण्याची पाळी विद्यार्थ्यांकडे असावी. नवे वाद्य घ्यायचे झाल्यास दोन-तीन तंबोरे एकाच स्वरात लावून घ्यावेत, निवडणाऱ्यांनी त्यांच्याकडे पाठ करून बसावे आणि कान सांगेल तोच तंबोरा घ्यावा. मग त्याच्यावर नक्षी असो वा नसो.