आधी वही खरी, मग यंत्र

मोताळा तालुक्यातील शेतकरी कपाशी व सोयाबीन यांच्याबरोबर तूरही घेतो. परंतु त्या तुरीची डाळ करून ती आपल्या नावाने थेट पुण्या-मुंबईच्या घरांत पोहोचविणे, ही गोष्ट आपल्याकडे अद्याप नवीनच म्हणावयास पाहिजे. कंपनी कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीमुळे शेतकऱ्यांना उत्पादक कंपनी स्थापन करण्याचा मार्ग मोकळा झाला. पुढे ३१ डिसेंबर २०२१ रोजी ‘ओएनडीसी’ या खुल्या डिजिटल व्यापारजाळ्याची संस्था स्थापन झाली व लहान विक्रेत्यालाही ऑनलाईन दुकान मांडण्याची आणखी एक सोय झाली.

दुकान मांडले की मागण्या येतात, आणि गटांच्या बैठकीत एकच प्रश्न वारंवार निघतो: आलेली प्रत्येक मागणी हाताने उतरवून घ्यावी, की हे काम संगणकावर सोपवावे? माझे मत असे की, ते जरूर सोपवावे. मात्र गोदामातील वही खरी झाल्यावाचून सोपवू नये.

या व्यवस्थेचे काम समजण्यास कठीण नाही. ग्राहकाने मागणी नोंदवून पैसे भरले की संगणक ती मागणी स्वीकारतो, साठ्यातून तेवढी पाकिटे वजा करतो, पत्त्याची चिठ्ठी व बिल छापतो, कुरिअरला वर्दी देतो आणि माल निघाल्याचा संदेश ग्राहकास पाठवितो. रात्री दोन वाजता आलेली मागणीही थांबून राहत नाही. पण संगणकाला गोदाम दिसत नाही. त्याला दिसतो तो आपण लिहिलेला आकडा.

याचा धडा मला स्वतःला मिळाला आहे. एका शेतकरी गटाने १० क्विंटल तूर डाळमिलला दिली आणि साठ्याच्या रकान्यात १,००० किलो डाळ अशी नोंद केली. ती नोंद मी पाहिली होती. माझ्याही लक्षात चूक आली नाही. वास्तविक १०० किलो तुरीपासून सर्वसाधारणपणे ७० ते ७५ किलोच डाळ मिळते. बाकीचे टरफल, चुणी व चुरीत जाते. उन्हाळ्यात वर्षाची डाळ भरण्याचे दिवस होते. डाळ संपली तरी संगणक मागण्या घेतच राहिला. अखेरीस ६४ ग्राहकांचे पैसे गटाजवळ जमा होते आणि गोदामात एकही पाकीट नव्हते. पैसे परत केले. परंतु त्या ग्राहकांपैकी पुन्हा आले ते थोडेच. हाताने काम चालले असते तर चौथ्या-पाचव्या मागणीला कोणीतरी गोदामात डोकावले असते. यंत्राने आमची चूक केवळ वेगाने पुढे नेली.

आधी शिस्त व मग यंत्र, हा क्रम आपल्या टपालखात्याने घालून दिलेला आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. त्याच्या पहिल्या तीन अंकांवरून टपाल-छाननीचा जिल्हा समजतो व शेवटच्या तीन अंकांवरून टपाल कार्यालय. ही शिस्त आधी कागदावर पक्की झाली म्हणूनच आज यंत्र तीच सहा अक्षरे वाचून पार्सलाची वाट ठरवू शकते. मोताळ्याहून मलकापूरमार्गे निघालेल्या पाकिटावर एक अंक चुकला, तर ते भलत्याच गावी जाऊन पडते.

म्हणून माझी सूचना येणेप्रमाणे आहे. डाळमिलमधून माल आल्यावर तो वजनकाट्यावर तोलूनच नोंद करावी. तुरीच्या वजनावरून डाळीचा अंदाज लिहू नये. आठवडी बाजारात विकावयाचा माल निराळा ठेवावा. एकच पोते दोन ठिकाणी दाखवू नये. प्रत्यक्ष साठ्यापेक्षा थोडा कमी साठा संगणकास सांगावा. दर आठवड्यास पाकिटे मोजून नोंदीशी ताडून पाहावीत. आधी आलेला माल आधी बाहेर काढावा. प्रत्येक पाकिटावर लॉट क्रमांक व पॅकिंगची तारीख असावी, म्हणजे तक्रार आल्यास ती डाळ कोणत्या दिवसाची, हे तत्काळ सापडेल.

दिवसाला चार-पाच मागण्या येत असतील, तर साधी वही व एक दक्ष माणूस पुरेसा आहे. मागण्या वाढून रोज चुका होऊ लागल्या म्हणजेच यंत्राचा खर्च करावा. आणि तो केल्यावरही दोन कामे माणसाने आपल्या हाती ठेवावीत: पाकीट बंद करण्यापूर्वी डाळीत ओल किंवा भुंगेरा नाही ना, हे पाहणे, आणि माल वेळेवर जाणार नसेल तर ग्राहकाशी स्वतः बोलणे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गटाकडे गेल्यावर संगणकाचा पडदा पाहण्याआधी गोदामाचे दार उघडावयास सांगावे. ग्राहकाने आपले शेत पाहिलेले नसते. त्याच्या घरी जाते ते आपले पाकीट, आणि त्यावरूनच तो आपली परीक्षा करतो.